बिनखाड्याचे एकोणीस दिवस

रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मळवलीच्या कोमलचा फोटो आला आणि पद्मजानं तोंडाशी नेलेला चहाचा कप परत बशीत ठेवला. फोटोत तसं नवं काही नव्हतं. रक्तदाब मोजायचं तेच पांढरं यंत्र, त्याच्या काचेवर तेच शहाण्या मुलासारखे वागणारे आकडे, वर एकशे अठरा, खाली शहात्तर. फक्त आज फोन जरा तिरका धरला गेला असावा, कारण यंत्राच्या पलीकडचा, दंडाला गुंडाळलेल्या निळ्या पट्ट्यापासून मनगटापर्यंतचा हात चौकटीत आला होता. वाळलेला हात होता. कोपराशी कातडी सुटून आलेली, मनगटाच्या वर हिरवट काळं पडलेलं तुळशीचं गोंदण, आणि काचेच्या चार बांगड्यांमध्ये झिजून तारेएवढी झालेली एक पितळी बांगडी. कोमल बावीस वर्षांची होती.

पद्मजाच्या मनानं आधी जे केलं ते कुणाचंही मन करतं. त्यानं वकिली सुरू केली. भातखाचरात राबणाऱ्या पोरींचे हात लवकर वाळतात. गोंदण काय, हल्ली पोरी हौसेनं काढून घेतात. उजेडच तसला असेल. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा केला, इतका की हात संपून नुसते ठिपके उरले. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण काकण बघायचंच नसलं की माणूस आरसे शोधत बसतो. तिनं कालचा फोटो उघडला, परवाचा, त्याच्या आधीचा. सगळ्यांत नुसतं यंत्र, सरळ, मधोमध. तिनंच सांगितलं होतं, आकडे स्पष्ट दिसले पाहिजेत, बाकी काही नको. अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं तिच्या लक्षात आलं की आपण कोमलचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतोय आणि तो आठवत नाहीये.

पाहिला होता एकदा, पाचव्या महिन्यात, मळवलीच्या उपकेंद्रात तेजल सिस्टरनं फोनवर व्हिडिओ लावून दिला तेव्हा. खाली मान घालून बसलेली एक मुलगी आणि तिच्या वतीनं सगळी उत्तरं देणारी सासू, एवढंच ध्यानात होतं. रक्तदाब चढा, पहिली खेप, म्हणून जोखमीच्या यादीत नाव. अशा बेचाळीस बायका पद्मजाच्या यादीत होत्या, लोणावळ्यापासून पार पवन मावळापर्यंत. पुण्याला तज्ज्ञ डॉक्टरकडे जायचं तर अख्खा दिवस मोडतो, घरचा माणूस कामावरून राहतो, म्हणून बायका जातच नाहीत; तर तज्ज्ञानंच पडद्यातून त्यांच्या घरात जावं, अशी ती योजना. चांगलीच होती. दोन वर्षांत तिनं कितीतरी जणींना वेळेवर वाट दाखवली होती. तुंगार्लीच्या या घरात, तळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेकडे पाठ करून, चहा पिता पिता ती बेचाळीस फोटो बघायची, आणि त्या अर्ध्या तासात तिला आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत असं मनापासून वाटायचं. एकसष्टाव्या वर्षी पुण्यातलं मोठं हॉस्पिटल सोडताना तिनं गुडघ्यांचं कारण दिलं होतं. गुडघे दुखत होतेच. पण खरं कारण भीती हे होतं आणि ते तिनं कुणापाशीच काढलं नव्हतं. काही घडलंच तर ते आपल्या डोळ्यांसमोर घडू नये, एवढंच तिला हवं होतं. पडदा मध्ये असला की डोळ्यांसमोर असूनही ते समोर नसतं.

तिनं शालूबाईंना, म्हणजे कोमलच्या सासूला, फोन लावला. फोन त्यांच्याच नावावर नोंदलेला होता. मळवलीच्या एका बंगल्याची राखण त्यांच्या घराकडे असते, रविवारी पाहुणे असतात, त्यामुळे मागे भांड्यांचा आवाज आणि कुणाचं तरी मोठ्यानं लावलेलं गाणं. पद्मजानं इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, आजच्या फोटोतला हात कुणाचा.

"माजा," शालूबाई म्हणाल्या. त्यांना त्यात अडखळण्यासारखं काही वाटलं नाही. "कोमल न्हाई हितं. सातवा सरायच्या आत वटी भरून म्हायेरी धाडली तिला, लोहगडवाडीला. पैलं बाळातपन म्हायेरीच आसतं ना, बाई. मशीन घराभाईर न्यायची न्हाई, कागदावर लिवलंय तुमी. आन खाडा करायचा न्हाई, त्ये बी लिवलंय. मग मी लावते की रोज सकाळी. एकुनीस दिस झालं, एक दिस चुकवला न्हाई बगा."

आवाजात अपराध नव्हता, थोडासा अभिमानच होता. तिला हे कळायला हवं होतं. ती तळेगावात वाढलेली बाई, तिच्याही घरी असंच होतं. आई आजारी पडली की देवापुढचा दिवा काकू लावायची आणि आईचा सोमवार मोठी बहीण धरायची, आणि कुणी विचारायचं नाही की देवाला चालेल का. नेम घराचा असतो, माणसाचा नसतो. घरातलं एक माणूस नसलं तर दुसऱ्यानं हात पुढे करायचा, दिवस कोरा जाऊ द्यायचा नाही. शालूबाईंनी हात पुढे केला होता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हा नेम नसून ही तपासणी आहे. आणि कागद? तीन घरची यंत्रं पाहुण्यारावळ्यांत फिरून हरवली तेव्हा ते सूचनांचं पान पद्मजानं स्वतः लिहिलं होतं, याच टेबलावर, सोप्या मराठीत लिहिल्याचं कौतुक करून घेत. यंत्र दिलेल्या घराबाहेर नेऊ नये. मापनात एकही खाडा नको. दात आपलेच आणि ओठही आपलेच, रागावायचं कुणावर? उपकेंद्राच्या रजिस्टरात तेजलनं 'माहेरी गेली' असा शेरा मारलेला असणार, पण तो शेरा पद्मजाच्या पडद्यावर दिसत नसे. पडद्यावर एकोणीस हिरवे ठिपके होते.

मग तिला गोळ्या आठवल्या. आठवल्या म्हणजे त्या आधीपासून तिथंच होत्या, दाराआड उभ्या असलेल्या माणसासारख्या, आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती. अकरा दिवसांपूर्वी सलग आठ चांगले आकडे बघून तिनंच निरोप दिला होता, दाब आटोक्यात आहे, दिवसाला तीन गोळ्या होत्या त्याची एक करा. त्याच आठवड्यात पुण्यातल्या बैठकीत तिनं कोमलचा आलेख दाखवला होता, टाळ्याही झाल्या होत्या. शालूबाईंच्या ठणठणीत रक्तदाबावर कोमलचं औषध कमी झालं होतं. तिनं विचारलं, शक्य तितक्या साध्या आवाजात, की तो निरोप कोमलपर्यंत गेला का. गेला तर, शालूबाई म्हणाल्या, त्याच दिवशी सांगितला, पोरगी एकच घेते, लई शिस्तीची आहे. आणि मग, पहिल्यांदाच, त्यांचा आवाज खाली आला.

"का वो बाई? काय वंगाळ झालं का माज्या हातनं?"

पद्मजा म्हणाली, तुमच्या हातून नाही. हे खरं होतं. तिनं भराभर सांगितलं, यंत्र घ्या, उपकेंद्राशी जा, तेजलला मी फोन करते, तिच्या गाडीवर बसून लोहगडवाडीला निघा. शालूबाई घुटमळल्या. बाळाचं तोंड बघायला जायच्या आधी सासूनं विहिणीच्या दारात उभं राहायचं नाही, त्यांच्या घरात तसं चालत नाही. हे त्या सांगत होत्या आणि सांगता सांगताच चालायला लागल्या असाव्यात, कारण गाण्याचा आवाज मागे मागे पडत गेला.

कोमलचा स्वतःचा फोन लागेना. टेबलावर चहावर साय धरली होती. पद्मजाचा अंगठा आपोआप स्वतःच्या नडगीवर गेला आणि दाबून राहिला, आणि तिला रेणुका दिसली. पस्तीस वर्षं ती रेणुकाला बघत नव्हती. मावळातल्याच एका सरकारी दवाखान्यात, नुकती नोकरीला लागलेली पद्मजा, आणि बाकावर भिंतीला टेकून बसलेली, नऊ महिने भरलेली रेणुका, हातात दुसऱ्या दवाखान्यातून आणलेला कागद. कागदावर दाब ठीक होता. पद्मजा कागद वाचत होती. विठाबाई नावाची आया होती तिथं, शाळेचं तोंड न पाहिलेली, तिनं जाता जाता वाकून रेणुकाच्या पायावर अंगठा दाबला, उचलला, सुजेत खळगा तसाच राहिला, आणि म्हणाली, बाई, हिचा खड्डा भरंना. पद्मजा म्हणाली, एक मिनिट, एवढं वाचू दे. त्या एका मिनिटात रेणुकाचे डोळे वर गेले. अंगाला झटके आले, बाक भिंतीवर आपटायला लागलं, आणि तो आवाज, लाकडाचा भिंतीवर, तो नंतर कितीतरी वर्षं कुठंही यायचा, सुताराच्या दुकानाशी, शेजारी कुणी पाट्यावर वाटण वाटताना. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. विठाबाईनं तिला एका शब्दानं दोष दिला नाही. नुसतं म्हणाली, आधी पाय बघत जा, मग कागद. पद्मजा पुढं नाव कमावलेली डॉक्टर झाली ती त्या एका वाक्यावर, आणि म्हातारपणी दारं लावून कागदच बघत बसली होती, फक्त कागदाला आता काच होती.

शालूबाईंनी दिलेल्या नंबरावर कोमलच्या आईचा, भामाबाईंचा, फोन लागला. गडाच्या पायऱ्यांपाशी त्यांची भजी-पिठल्याची टपरी. तिथल्या एका कोपऱ्यात उभं राहिलं तरच रेंज येते. चित्र तुटक होतं, धूर, प्लास्टिकचे रंगीत रेनकोट, कणसं भाजणारं कुणीतरी, आणि मग कोमल, टपरीमागच्या खोलीच्या उंबऱ्यावर. चेहरा आता पद्मजा विसरणार नव्हती. तो सुजला होता. डोळे तळलेल्या पुरीसारखे फुगले होते आणि पोरगी हसत होती, कारण डॉक्टरीणबाईंनी आपण होऊन फोन केला होता. डोकं दुखतं का? थोडं दुखतं, कालपासून, धुरानं असेल. डोळ्यांपुढं काही होतं का? काजवे दिसतात अधूनमधून, पण बसलं की जातात. भामाबाई मधेच म्हणाल्या की पहिलटकरणीचे पाय सुजायचेच, आमचेबी सुजलेते, पोरीला मुलगा होणार बघा.

"भामाबाई, तिच्या नडगीवर अंगठा दाबा. पाचपर्यंत मोजा आणि काढा," पद्मजा म्हणाली.

फोन कुणीतरी धरला. पडद्यावर एक गोरी फुगीर नडगी आली, तिच्यावर पिठानं माखलेला अंगठा आला, आणि चित्र तिथंच थिजलं. अंगठा दाबलेलाच राहिला. पद्मजानं फोन हलवला, जणू तो हलवल्यानं लोहगडवाडीतला अंगठा उचलला जाणार होता. खिडकीबाहेर गाड्या वाजत होत्या. ती त्या थिजलेल्या अंगठ्याकडे बघत राहिली आणि तिला वाटलं की हे असंच राहावं, तो कधीच उचलला जाऊ नये, म्हणजे खाली काय आहे ते कळणार नाही, आणि हे आपल्याला वाटलं याची तिला किळस आली. चित्र आलंच नाही. आवाज आला.

"खड्डा पडलाय, बाई. भरंना त्यो."

पुढचा तास पद्मजानं ऐकला, पाहिला नाही. कोमलला डाव्या कुशीवर निजवायला सांगितलं. डबीत गोळ्या शिल्लक आहेत का? भरपूर होत्या, कमी करायला सांगितलेल्या सगळ्या जपून ठेवलेल्या; त्यातल्या ताबडतोब द्यायला लावल्या. रुग्णवाहिका बोलावली, तळेगावच्या एका दवाखान्यात शस्त्रक्रियेची खोली मोकळी करवली, हे सगळं ती चांगलं करत होती. रुग्णवाहिका भाजे गावापर्यंत आली आणि घाटात अडकली. ऑगस्टातला रविवार, गड बघायला अख्खं पुणे आलेलं, वळणावर दोन्ही बाजूंना गाड्या लावून माणसं फोटो काढत उभी. मळवली ते लोहगडवाडी असं अंतर ते काय, म्हातारी माणसं दुधाच्या किटल्या घेऊन चालत जायची. पद्मजानं तेजलचा फोन सुरूच ठेवायला सांगितला होता. तो तेजलच्या खिशात होता, पडदा काळा, आणि त्या काळ्यातून हॉर्न, शिट्ट्या, स्कूटरचं कण्हणं, आणि पाठीमागे बसलेल्या शालूबाईंचा अखंड चढा सूर, सरका वो, बाळातपनाची बाई हाय, सरका. कुणीतरी हसलंही. मग चढ संपला, भामाबाईंचा आवाज आला, मग पट्टा फुगण्याची घरघर. पद्मजानं या यंत्रांची घरघर आजवर कधी ऐकली नव्हती, नुसता तिचा निकाल बघितला होता. तेजलनं आकडा सांगितला. एकशे शहात्तर, एकशे चौदा.

झटके थांबवायचं इंजेक्शन तेजलनं उपकेंद्रातून आणलं होतं, पण प्रशिक्षणाखेरीज कधी टोचलं नव्हतं. पद्मजानं एकेक पायरी सांगितली, किती भरायचं, कुठं टोचायचं, दोन्ही बाजूंना, सावकाश. तेजल प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवत होती, शाळेतल्या मुलीसारखी. मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून कोमलला खाली न्यायला निघाले. गड चढायला आलेली चार-सहा पोरं आपणहून खुर्चीला हात लावायला आली होती. गाड्यांच्या मधून, एका वेळी एक फट शोधत. दुसऱ्या वळणावर तेजल म्हणाली, मॅडम. टेकवलेल्या खुर्चीचे पाय डांबरावर वाजायला लागले. पद्मजाला कुणी सांगायची गरज नव्हती. पस्तीस वर्षांत लाकडाचं प्लास्टिक झालं होतं, आवाज तोच होता.

आता तिला उठून पलीकडच्या खोलीत जाता आलं असतं. फोन टेबलावर ठेवून दार लावता आलं असतं. ती हलली नाही. ती म्हणाली, खाली उतरवा, कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, कांदा नको, चप्पल नको, नुसतं धरून ठेवा, मी मोजते. आणि तिनं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, रिकाम्या घरात, एक, दोन, तीन. मधे कुठंतरी दुसरा आवाजही मोजायला लागला, तेजलच्या मागून, घोगरा, आकडे चुकवत, शालूबाईंचा. पासष्टला तेजल म्हणाली, थांबलं. एकाहत्तरला कुणीतरी म्हणालं, श्वास हाय. मग रुग्णवाहिकेचं दार उघडल्याचा आवाज आला आणि तेजलच्या फोनची बॅटरी संपली.

संध्याकाळी सहाला तळेगावहून कळलं की पोट उघडून मुलगी काढली, दोन किलोलाही कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, रडली. आई शुद्धीवर नाही. इतक्यात काही सांगता येत नाही, पलीकडचा तरुण डॉक्टर म्हणाला, आणि पद्मजानं हे वाक्य आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल ते तिला तेव्हा कळलं. तिनं उरलेल्या एक्केचाळीस जणींना एकेक करून फोन केले. तुम्ही कुठं आहात, घरी की माहेरी. चेहरा दाखवा. पाय दाखवा. दोघी माहेरी असल्याचं निघालं, यंत्र सासरी. एकीचे आकडे तिची जाऊ स्वतःच्या दंडावरून पाठवत होती, कारण तिला सकाळी ओकाऱ्या होत असत. कुणीच लपवत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी ती खिडकीशी बसून होती. चहा केला नव्हता. बेचाळीसपैकी एक फोटो आज येणार नव्हता आणि तिचं सगळं लक्ष त्या न येणाऱ्या फोटोकडे लागलं होतं. आठ वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. तेच पांढरं यंत्र, खाली दवाखान्यातली फरशी, निळा पट्टा, आणि यंत्र नीट मधोमध धरायचा काही प्रयत्न नाही, तुळशीचं गोंदण, झिजलेली पितळी बांगडी, सगळं चौकटीत. एकोणीस दिवस जो हात एकशे अठराच्या पुढं गेला नव्हता, त्याच्यावर आज एकशे अडुसष्ट होतं, खाली एकशे चार. दवाखान्यात काहीतरी झालं, असं तिनं त्या आकड्यातूनच वाचलं. तिनं फोन लावला.

"न्हाई सुद आली आजून," शालूबाई उचलताच म्हणाल्या. "आत सोडत न्हाईत. डॉक्टर म्हनतो वाट बगा." मागे कुठंतरी पंखा कुरकुरत होता. "रोजच्या टायमाला बसवंना मला. म्हनलं खाडा नको. ती उठूस्तर माजाच हात घ्या, बाई."

याचा काही उपयोग नाही, हे पद्मजाच्या ओठांवर आलं होतं. एका बाईच्या दंडावरचा दाब दुसरीच्या जिवाला लागू पडत नाही, हे सांगायला फार तर एक मिनिट लागलं असतं. तिनं ते सांगितलं नाही. तिनं आकडा लिहून घेतला, वेळ लिहिली, आणि मग म्हणाली, शालूबाई, डोकं दुखतंय का तुमचं, रात्री काही खाल्लंत का, आणि फोन जरा वर धरा, मला तुमचा चेहरा बघू दे.